डब्यातल्या कच्च्या टाक्याबाबत

नाव : घडीमावशी. (खरं नाव बंद पाकिटात वेगळं घेतलं आहे. काम लष्कराचं असल्यामुळे ते इथे लिहू नये, असं तक्रारदार, म्हणजे प्रयोगशाळेच्या सुरक्षा साहेबांचं म्हणणं पडलं.)
वय : ५९ वर्षे.
धंदा : लष्कराच्या हवाई छत्री विभागात घड्या घालणे, आता निवृत्त. सध्या घरकाम, आणि बोलावलं तर उपग्रहाच्या शिडाची घडी.
राहणार : पत्ताही त्याच पाकिटात.

मी वर लिहिलेली घडीमावशी, आज दुपारी दीड वाजता ठाण्यात स्वतःच्या पायांनी हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, माझ्यावर कोणाचा दाब नाही. मी बोलते तसंच लिहावं, 'सदरहू' आणि 'उपरोक्त' घालून त्याचा विचका करू नये, अशी मी हवालदार साहेबांना विनंती केली. ते म्हणाले, दोन-चार तरी घालावे लागतात. दोन-चारला माझी हरकत नाही. नाव पाकिटात घालून काय साधलं ते मला कळलं नाही, कारण मी आज ठाण्यात यायला निघाले हे दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

सदर पत्त्यावर मी आणि आमचे हे, असे दोघेच राहतो. हे छापखान्यात मुद्रितं तपासायचे, आता तेही निवृत्त. ते बाहेर बाकावर बसले आहेत. जबाब लिहून झाला की एकदा नजरेखालून घालू द्या, ऱ्हस्व-दीर्घ बघतो, असा निरोप त्यांनी आतापर्यंत दोनदा आत पाठवला आहे. त्यांचा या प्रकरणाशी संबंध नाही.

मी छत्री विभागात एकतीस वर्षं काम केलं. छत्री म्हणजे विमानातून उडी मारणारा जवान पाठीला बांधतो ती. हवालदार साहेबांनी आधी पावसातली लिहिली होती, ती खोडून बाजूला त्यांनी सही केली आहे. आमचं टेबल वीस पावलं लांब. त्यावर छत्री पसरायची, तिच्या दोऱ्या केस विंचरावेत तशा सरळ करायच्या, कापड घडीवर घडी घालत पिशवीत बसवायचं. दिवसाला चार छत्र्या, पाचवी नाही. घाई करणाऱ्याला आमच्याकडे कोणी चहासुद्धा विचारत नसे. ज्याने घडी घातली त्यानेच नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहायचं की काय काय केलं, आणि खाली सही करायची. आमचे जुने उस्ताद सांगायचे, केलंस ते लिही आणि लिहिलंस ते केलेलं असू दे. ही सवय मला एकतीस वर्षांत हाडीमाशी खिळली आणि तिनेच मला आज इथे आणलं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. पहिल्या पंधरा दिवसांत घरातल्या चादरी, पडदे, यांचे सदरे, रिकाम्या पिशव्या, सगळ्याच्या घड्या घालून संपल्या. मग मी शेजारणीच्या कपाटावर डोळा ठेवला. यांनी मला एके दिवशी स्पष्ट सांगितलं की, माझी घडी घालून मला कपाटात ठेवायच्या आत तू बाहेर काहीतरी काम बघ. त्याच आठवड्यात चष्मेवाली आमच्या घरी आली.

चष्मेवाली म्हणजे लष्कराच्या प्रयोगशाळेतली अभियंता. वय तिशीच्या आत. चष्मा इतका मोठा की दारातून आधी चष्मा येतो आणि मागून ती. तिने मला जे सांगितलं ते असं. लष्कराचे प्रयोगाचे छोटे उपग्रह असतात. मोठ्या उपग्रहात एकदम नवी वस्तू घातली आणि ती बिघडली, तर सगळंच मुसळ केरात. म्हणून आधी छोट्यात घालून वर पाठवतात. एकात नव्या जातीची बॅटरी, एकात घड्याळ. वर तगली की मग मोठ्यात घालायची. हा मजकूर पेपरात छापून आलेला आहे, सांगायला हरकत नाही, असं सुरक्षा साहेबांनी समोरच्या खुर्चीतून मान हलवून कळवलं.

चष्मेवालीचा उपग्रह बुटाच्या खोक्याएवढा. आम्ही त्याला डबाच म्हणायचो. त्या डब्यात एक शीड होतं. आयुष्य संपलेला उपग्रह तिथेच घिरट्या घालत राहतो आणि दुसऱ्यांची वाट अडवतो. शीड उघडलं की वरची जी काही विरळ हवा असेल ती त्याला धरते, तो हळूहळू खाली येतो आणि वाटेतच जळून जातो. म्हणजे आमची छत्री माणसाला वाचवायला उघडते आणि हिचं शीड डब्याला जाळायला. मी म्हटलं, काम वेगळं असेल, पण घडी ती घडीच. तिची अडचण ही होती की, चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद शीड अर्ध्या खोक्यात बसवायचं होतं, आणि संगणकाने काढून दिलेल्या घडीने ते दोनदा अडकलं होतं. तिसऱ्यांदा अडकलं तर डब्याची रॉकेटमधली जागा दुसऱ्याला जाणार होती. पोरीची तीन वर्षं त्यात गेली होती.

मी दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेत जाऊ लागले. तिथली खोली पांढरी शुभ्र, धुळीचा कण नाही. डोक्यावर टोपी, हातमोजे, पायांत पिशव्या. पहिल्या दिवशी आरशात बघून मला इतकं हसू आलं की टोपी सरकली आणि मला बाहेर जाऊन सगळं पुन्हा घालावं लागलं. शीड चांदीसारखं चकचकीत आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. शिंक आली तर दाराबाहेर धावायचं, असा नियम मी केला. त्याला चार कोपऱ्यांवर चार पोलादी पट्ट्या, सुताराच्या मोजपट्टीसारख्या आत गुंडाळलेल्या. मोटर फिरली की पट्ट्या बाहेर येतात आणि शीड ओढून ताणतात.

घडी बसवायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस फार मजेत गेले, हे मी मुद्दाम नोंदवायला सांगते. चष्मेवालीला गणित सगळं येत होतं, पण कापडाला आधी कुठे जायचं असतं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी तिच्या हातावर हात ठेवून शिकवलं. तिने मला कोन मोजायचं एक यंत्र दाखवलं. मी अंगठ्याने कोन धरला, तिने यंत्राने मोजला, फरक केसाएवढा निघाला. ती तोंड उघडं टाकून बघत राहिली आणि मी दोन दिवस घरी यांच्याशी जरा तोऱ्यातच बोलले. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. तिने घरून आणलेलं सगळं मीच संपवायचे, कारण ती बोलण्यात जेवायचं विसरायची.

बाराव्या दिवशी डबा हलवायच्या टेबलावर ठेवला. हे टेबल रॉकेटसारखे हादरे देतं. कान बंद करून उभं राहावं लागतं. पहिल्या वेळी घडी आतल्या आत सरकली, फुगली आणि झाकणाला टेकली. दुसऱ्यांदा मी घडी जास्त घट्ट घातली, तरी तेच. चष्मेवालीने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. तिला मोठ्या साहेबांनी बैठकीला बोलावलं म्हणून ती गेली. मी तिसरी घडी घातली आणि या वेळी तिला कच्चा टाका घातला.

कच्चा टाका म्हणजे काय, हे इथे खुलाशाने सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात आहे. कपडा शिवताना तो सरकू नये म्हणून आधी लांब लांब सैल टाके घालतात. पक्की शिलाई झाली की ते ओढून काढून टाकायचे. छत्री विभागातही घडी हलू नये म्हणून आम्ही नाजूक दोऱ्याने असेच टाके घालतो. छत्रीला झटका बसला की पहिल्याच ओढीला ते तुटतात. तुटण्यासाठीच घातलेले असतात. शिडाच्या काठाला आधीपासून बारीक भोकं होती, त्यांतूनच मी दोरा नेला. नवं भोक एकही पाडलं नाही. दोरा एकपदरी, सुती, लाल. लाल अशासाठी की, चांदीवर तो लगेच डोळ्यांत भरतो आणि कुठे घातला ते विसरायला होत नाही.

त्यानंतर डबा हलवला. घडी तसूभर हलली नाही. टेबल थांबल्यावर सगळे टाळ्या वाजवू लागले. बैठकीतून परत आलेली चष्मेवाली मला हातमोज्यांसकट कडकडून भेटली. तिथे एकमेकांना हात लावायची मनाई आहे, त्यामुळे हे लिहू नका म्हणून मी हवालदार साहेबांना सांगितलं, पण तोवर त्यांनी लिहिलं होतं. मी हात धुतले आणि नोंदवहीत लिहिलं, ते असं : "घडी तिसरी. चारी काठ कच्चा टाका. एकपदरी लाल दोरा." खाली माझी सही. तपासणीसाने न वाचता शिक्का मारला. डबा बंद झाला.

विचारल्यावरून सांगते की, हा टाका नकाशात नव्हता. मी तो कोणाला विचारून घातला नाही. आमच्याकडे छत्रीच्या नकाशातही कच्चा टाका कोणी काढत नाही. भाजी कशी करायची ते सांगताना 'आधी पातेलं घ्या' असं कोणी सांगतं का, तसं ते. मला वाटलं, घडी हलली नाही म्हणजे का हलली नाही ते सगळ्यांना दिसलंच असेल. ही माझी चूक झाली. विचारायला हवं होतं.

डबा सतरा दिवसांपूर्वी वर गेला. रॉकेट मी घरी बसून टीव्हीवर पाहिलं. हे शेजारी बसून बातमीच्या पट्टीतल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजत होते. डबा सुखरूप पोहोचला, बोलू लागला, बॅटरी भरली. मग परवा सुरक्षा साहेबांनी कागद बांधून ठेवण्याआधी नोंदवही वाचायला घेतली. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा त्या इमारतीतला हा एकच माणूस, त्याबद्दल मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांनी वाचलं, काठ कच्चा, टाका कच्चा. त्यांना वाटलं, बाईने लष्कराच्या डब्यात कच्चं काम करून ठेवलं आणि वर ते स्वतःच्या हाताने लिहूनही दिलं. मला बोलावून त्यांनी विचारलं की पक्का टाका का घातला नाही. मी म्हटलं, पक्का घातला असता तर तुमचं शीड जन्मात उघडलं नसतं. हे उत्तर त्यांना उर्मट वाटलं असं दिसतं. त्यांच्या नियमात एक ओळ आहे की, बाहेरच्या माणसाने लष्करी वस्तूत फेरफार केला तर जवळच्या ठाण्यात कळवावं. मी निवृत्त, म्हणून बाहेरची. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. लिहिलं नसतं तर घरी पाय पसरून बसले असते. तरी पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन.

चष्मेवालीला हे कळलं तेव्हा ती माझ्या घरी आली. दारातच उभी राहिली. तिने विचारलं, "मावशी, तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी म्हटलं, "अगं, मला वाटलं तुला माहीत आहे." ती ओट्यावर बसली आणि बराच वेळ आकडेमोड करत राहिली. मोटरची ओढ तुटण्याइतकी आहे, पण वर थंडी भयंकर असते आणि तिथे दोरा कसा वागेल ते तिने तपासलेलं नाही, असं ती म्हणाली. मीही तपासलेलं नव्हतं. मी तो दोरा खोलीत बसून दहा वेळा तोडून पाहिला होता, पण आमच्या खोलीत पंखा चालतो, वरची थंडी तिथे कुठली. बाहेरची बाई कामावर घ्यायला तीच जामीन राहिली होती. शीड उघडलं नाही तर पहिली तिची नोकरी जाणार आणि शिडाचा विषय कायमचा बंद होणार. मला माझी भीती वाटली नाही. तिची वाटली. त्या रात्री मला झोप नव्हती.

शीड उघडायचा हुकूम आज दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी द्यायचं ठरलं होतं. तक्रारही आजच. जबाब उद्या घ्या असं मी म्हणू शकले असते, पण घरी बसून नखं खाण्यापेक्षा ठाणं बरं, म्हणून आले. चष्मेवाली तिकडे यंत्रापुढे, मी आणि सुरक्षा साहेब इकडे. त्यांचा फोन टेबलावर मधोमध ठेवलेला आहे.

तीन वाजता हवालदार साहेबांनी विचारलं की हा टाका करून दाखवता येईल का. ठाण्यात कागद शिवायला दाभण आणि दोरा असतो, तो मी मागून घेतला. जुन्या वर्तमानपत्राची घडी घातली, काठाला लांब टाके घातले आणि सुरक्षा साहेबांना म्हटलं, दोन्ही हातांनी ओढा. त्यांनी ओढलं. दोरा तुटला नाही. वर्तमानपत्र फाटलं. मग मी दोरा उलगडून पाहिला तर तो तीनपदरी, वरून मेण लावलेला. तुमच्या फायली पन्नास वर्षं टिकायच्या असतात म्हणून तुमचा दोरा पक्का, असं मी सांगितलं. मी त्याचा एकच पदर सोडवून घेतला आणि दुसऱ्या कागदावर तसेच टाके घातले. या वेळी साहेबांनी नुसती ओढ दिली आणि टाका तुटला. कागदाला काही झालं नाही. त्यांनी ते चार वेळा करून पाहिलं. चौथ्या वेळी ते कोणी बघत नाही असं समजून करत होते.

यावर हवालदार साहेब लिहिता लिहिता थांबले आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या कच्च्या कैद्यासारखं. कायमचा ठेवायचा नाही, तारीख येईपर्यंत धरून ठेवायचा." मी म्हटलं, अगदी तेच. परवापासून प्रयोगशाळेतल्या तीन अभियंत्यांना आणि साहेबांच्या शब्दकोशाला जे जमलं नाही ते हवालदार साहेबांनी एका वाक्यात केलं. सुरक्षा साहेबांनी ते वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतलं. पण कच्चा म्हणजे काय ते इथे सगळ्यांना पटलं तरी वर ते पटायला पाहिजे, असं ते म्हणाले. तेही खरंच होतं.

तीन वाजून बावन्न मिनिटांनी फोन वाजला. चष्मेवाली सुरक्षा साहेबांशी बोलली. हुकूम गेला, मोटर फिरायला लागली, आणि तेवढ्यात डबा आकाशाच्या कडेखाली गेला. आता तो पृथ्वीला फेरा घालून पुन्हा वर येईल तेव्हा, म्हणजे दीड तासाने, खरं काय ते कळणार. शीड उघडलं असेल किंवा मोटर अडकून बसली असेल. मध्ये विचारायला कोणी नाही. जबाब इथे थांबवला.

चार वाजून पाच मिनिटांनी जबाब पुढे चालू केला, कारण नुसतं बसवत नव्हतं. या वेळात मी आणखी काही सांगितलं का, असं विचारल्यावरून सांगते की, मी पुष्कळ बोलले, पण त्यातलं कामाचं थोडं. मी सुरक्षा साहेबांना विचारलं की तुमच्या शर्टाचा खिसा कोणी शिवला, टाका तिरका आहे. त्यांनी सांगितलं, स्वतः शिवला, बायको परगावी नोकरीला आहे. मग माझा राग निम्मा उतरला. हवालदार साहेबांनी सगळ्यांना चहा मागवला. माझा चहा तसाच राहिला, वर साय धरली. आयुष्यात पहिल्यांदा मी चहा वाया घालवला.

साडेचारला आमचे हे आत आले. जबाबाची पानं मागायला आलात का, असं मी जरा चिडूनच विचारलं. ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. ते म्हणाले की, एका दोऱ्यावरून साहेबांनी थेट गुन्ह्यापर्यंत मजल मारली, याला आपल्या भाषेत सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात, पण सूत खरोखर तिकडे पाठवणारी बाई आपण मात्र स्वतःच्या घरातच पाहिली. सुरक्षा साहेब हसले. मला त्यांचं हसणं पहिल्यांदाच दिसलं. मग यांनी माझा हात धरला आणि सोडला नाही. तेहतीस वर्षांच्या संसारात चारचौघांत असं त्यांनी कधी केलेलं नाही. मीही हात काढून घेतला नाही.

पाच वाजून वीस मिनिटं झाली. फोन आला नाही. बावीस झाली. सुरक्षा साहेबांनी फोन उचलून बघितला, चालू आहे ना म्हणून. मी मनात त्या पोरीचा चष्मा पुसलेला आणि पुन्हा घातलेला बघत होते. पाच वाजून चोवीस मिनिटांनी फोन वाजला. साहेबांनी तो कानाला लावला, ऐकलं आणि माझ्या हातात दिला. चष्मेवालीला बोलता येत नव्हतं. मागे लोक ओरडत होते, कोणीतरी टेबल बडवत होतं. मी म्हटलं, अगं श्वास घे. तिने घेतला आणि म्हणाली, "मावशी, चारी पट्ट्या बाहेर. शेवटपर्यंत. फोटो पाठवलाय, बघा."

माझा जीव भांड्यात पडला. एवढ्या मोठ्या आवाजात पडला की बाहेरच्या खोलीतले दोन शिपाई काय झालं म्हणून आत आले. हवालदार साहेबांनी लेखणी टाकली आणि टाळ्या वाजवल्या. तक्रारदाराने जबाब देणाऱ्या बाईला खाली वाकून नमस्कार केला, ही गोष्ट नियमात बसते की नाही ते मला माहीत नाही, पण घडली आहे म्हणून लिहावी. ते म्हणाले की तक्रार ते आजच मागे घेत आहेत आणि पुढच्या डब्याच्या नकाशात कच्चा टाका रीतसर काढून घेतला जाईल, लाल रंगात. पुढचा डबा आहे म्हणजे पोरीची नोकरी आहे. मी यांना दोनदा तेच सांगितलं आणि त्यांनी दोन्ही वेळा नव्याने ऐकलं.

मला दाखवण्यात आलेला फोटो मी पाहिला. फोनवर बारीक दिसत होता म्हणून ठाण्याच्या संगणकावर मोठा करून घेतला. डब्यावरच्या कॅमेऱ्याने काढलेला आहे. मागे सगळा काळोख आहे आणि पुढे शीड ताणून भरलेलं आहे. तीन कोपरे दिसतात, चौथा कॅमेऱ्याच्या मागे आहे. घडीच्या रेघा अजून त्यावर उमटलेल्या आहेत. त्यांतली प्रत्येक रेघ मी ओळखते, कुठली सकाळी पडली आणि कुठली जेवणानंतर, हेसुद्धा सांगू शकते. उजव्या काठाला लाल दोऱ्याचं तुटलेलं टोक लोंबतं आहे. तो दोरा माझा आहे.

आता एक गोष्ट मला कोणी विचारलेली नाही, तरी सांगते. एकतीस वर्षांत तीसेक हजार छत्र्यांना माझा हात लागला. उड्या व्हायच्या लांबच्या मैदानावर. आम्हाला तिकडे कधी कोणी नेलं नाही आणि कामातून सवडही झाली नाही. छत्र्या परत यायच्या त्या गोळा होऊन, गवत आणि काटे घेऊन. त्या झटकून आम्ही पुन्हा घडी घालायचो. जवान चालत घरी गेला म्हणजे उघडली असणार, एवढंच आम्हाला कळायचं. हवेत उघडलेली, भरलेली माझी एकही छत्री मी पाहिलेली नाही. माझ्या हातची घडी उघडलेली मी आज, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, या ठाण्यात पहिल्यांदा पाहिली. जबाब देताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते या कारणाने आलं. ठाण्यात मला कोणी त्रास दिलेला नाही.

हा जबाब हवालदार साहेबांनी मला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचा परिच्छेद मी त्यांना पुन्हा एकदा वाचायला लावला. दोन्ही वेळा तो खरा आणि बरोबर आहे.

(सही)
घडीमावशी